उसाच्या रसात कालवलेला चुना

फिलिपिन्सच्या लुझॉन बेटाचा नकाशा काढून वायव्य कोपरा पाहिला, तर कॉर्डिलेराची डोंगररांग आणि समुद्र यांच्यामध्ये एक चिंचोळी पट्टी सापडते. तिचं नाव इलोकोस. 1818 साली स्पॅनिश सरकारने या प्रांताचे दोन भाग केले, उत्तरेला इलोकोस नोर्ते आणि दक्षिणेला इलोकोस सूर. माणसं मात्र दोन्हीकडची तीच, बोली तीच आणि ताटही जवळजवळ तेच. जमीन थोडी, वर्षातला जवळपास अर्धा काळ कोरडा, आणि पाऊस येतो तो अनेकदा वादळं घेऊनच. अशा ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली माणसं जपून खर्च करायला शिकतात. इलोकानो माणूस म्हणजे पैशाला चिकट, अशी थट्टा फिलिपिन्सभर चालते. मला ती थट्टा अपुरी वाटते. या लोकांनी हाती होतं तेवढ्यातून जे घडवलं, ते पाहिलं की चिकटपणा हा शब्द मागे घ्यावासा वाटतो.

उसाचंच बघा. इथल्या उसाचा रस आंबवून आंबट, गडद व्हिनेगर करतात. ते प्रत्येक टेबलावर असतं. तोच रस उकळून, मुरवून ‘बासी’ नावाची दारू होते. आणि जुन्या चर्चच्या भिंती बांधताना चुन्यात हाच रस कालवला, असं इथे परंपरेने सांगतात. ताटात ऊस, पेल्यात ऊस आणि देवळाच्या भिंतीतही ऊस. म्हणून बेताच्या पैशात फिरणाऱ्याने इलोकोसला जावं असं मी मनापासून म्हणतो. इथे स्वस्तात फिरणं म्हणजे चांगलं ते सोडून उरलंसुरलं पाहणं नव्हे. इथलं उत्तम ते काटकसरीतूनच निघालेलं आहे, आणि ते रस्त्याच्या कडेला, चर्चच्या आवारात, साध्या खाणावळीच्या पातेल्यात मिळतं.

जाणं आता पूर्वीपेक्षा सोपं झालंय. जून 2025पासून भारतीय पर्यटकांना 14 दिवसांपर्यंत फिलिपिन्समध्ये व्हिसाशिवाय राहता येतं. एका पेसोला साधारण दीड रुपया मोजावा लागतो. मनिलात उतरलं की क्युबाओ किंवा साम्पालोक भागातून इलोकोसकडे जाणाऱ्या बसगाड्या मिळतात. विगान हे इलोकोस सूरचं मुख्य शहर मनिलाहून सुमारे 400 किलोमीटरवर आहे. रात्री बसलं की पहाटे किंवा सकाळी उतरता येतं आणि एका रात्रीचं खोलीभाडं वाचतं. गाडीत वातानुकूलन इतकं कडक असतं की शाल किंवा जॅकेट हाताशी हवंच. मधल्या थांब्यांवर उकडलेली अंडी, शेंगदाणे आणि भाताचे गोड पदार्थ विकणारे भेटतात. तिथपासूनच खाणं सुरू करायला हरकत नाही.

विगान वसवलं 1572 साली हुआन दे साल्सेदो या तरुण स्पॅनिश सरदाराने. दुसरा फिलिप या राजाच्या मुलावरून त्याने गावाला व्हिला फर्नांदिना असं नाव दिलं. पण त्याच्याही आधीपासून इथल्या नदीतून चिनी व्यापाऱ्यांची गलबतं ये-जा करत होती. डोंगरातलं सोनं आणि मेण खाली यायचं, चिनी माल वर जायचा. पुढे त्या व्यापाऱ्यांनी इथल्या बायकांशी लग्नं केली, त्यांची मुलं नीळ, तंबाखू आणि हातमागाच्या कापडाच्या धंद्यात श्रीमंत झाली, आणि त्यांनी गावाच्या एका भागात मोठाली घरं बांधली. क्रिसोलोगो रस्ता म्हणून जो दगडी फरसबंदीचा रस्ता आज जगभरच्या छायाचित्रांत दिसतो, तो याच वस्तीतला. 1999 साली युनेस्कोने विगानला जागतिक वारसा यादीत घेतलं. आशियात स्पॅनिश धाटणीचं आखीव गाव इतक्या चांगल्या अवस्थेत दुसरीकडे कुठे उरलेलं नाही, हे त्यामागचं कारण.

या घरांकडे थोडा वेळ देऊन पाहावं, कारण राहण्याचा प्रश्नही त्यांच्याशीच जोडलेला आहे. तळमजला विटांचा आणि जाड भिंतींचा. तिथे माल साठवायचा, घोडागाडी ठेवायची. माणसं राहायची वरच्या लाकडी मजल्यावर. भूकंप झाला तर लाकूड लवचीक, ते हलतं पण कोसळत नाही. खाली पूर किंवा ओल आली तरी वर कोरडं. वरच्या मजल्याच्या खिडक्या बाजूला सरकतात, आणि त्यांच्या लाकडी चौकटीतल्या लहान लहान चौकोनांत काचेऐवजी शिंपल्यांचे चपटे तुकडे बसवलेले असतात. दुपारचं टळटळीत ऊन त्यांतून आत येतं ते दुधाळ, मऊ होऊन. खिडकीच्या खाली, जमिनीलगत, आणखी एक छोटी झडप असते. ती उघडली की मोठी खिडकी बंद ठेवूनही पायाशी वारा खेळतो. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांत बसवलेला शिंपला हा याच जातीचा, प्लाकुना प्लासेंटा. उष्ण, दमट किनाऱ्यावर काच महाग आणि शिंपला फुकट, त्यामुळे स्पॅनिश अमलातल्या लुझॉनमध्ये आणि पोर्तुगीज अमलातल्या गोव्यात कारागिरांनी एकच तोड काढली. पणजी-म्हापशाकडे अशा खिडक्या बघत वाढलेल्या माणसाला विगानमध्ये परकं वाटणार नाही.

यांतल्या काही घरांत आता पाहुण्यांसाठी खोल्या आहेत. रुंद लाकडी जिना, चालताना कुरकुरणारी जमीन, उंच छत, हे सगळं मिळतं, आणि आधीपासून ठरवलं तर आडवारी ते फार महागही पडत नाही. पण ज्यांना पैसे आणखी वाचवायचे आहेत त्यांनी ‘ट्रान्झियंट’ अशी पाटी शोधावी. फिलिपिन्समध्ये घरगुती, तात्पुरत्या मुक्कामाच्या खोल्यांना हाच शब्द आहे. कुटुंबाने आपल्याच घरातल्या किंवा आवारातल्या खोल्या भाड्याने दिलेल्या असतात. पंख्याची खोली आणि एसीची खोली असे दोन दर असतात, आणि पंख्याची खोली साधारण हजार पेसोच्या आसपास मिळते. चार-पाच जण मिळून मोठी खोली घेतली तर माणशी खर्च आणखी उतरतो. न्हाणीघरात बादली आणि मग असतो. शौचालयात पाणी वापरायची सवय असलेल्या आपल्या माणसांना याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. यजमानीणबाईंना आदराने ‘माम’ म्हणावं, त्या वयाने मोठ्या असतील तर ‘नाना’ किंवा ‘मनांग’. हे इलोकानो शब्द आई आणि थोरल्या बहिणीसाठी आहेत. ते कानावर पडले की बहुतेक घरांत पुढचा चहा किंवा कॉफी आपोआप येते.

आता खाणं. सकाळी विगानच्या रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर ‘सिनांगलाव’ नावाचं वाफाळतं सूप मिळतं. गाईचं मांस आणि आतडी, आलं, बिलिंबीचा आंबटपणा आणि पित्ताचा किंचित कडसरपणा. ज्यांना गोमांस चालत नाही त्यांनी सरळ लोंगानिसाकडे वळावं. ही डुकराच्या मांसाची छोटी, गोलमटोल सॉसेजं. विगानची लोंगानिसा गोड नसते. तिच्यात लसूण भरपूर आणि उसाचं व्हिनेगर. लसूण येतो जवळच्या सिनाइत गावाहून. त्या गावची ओळखच लसूण. लोंगानिसा तव्यावर स्वतःच्याच चरबीत परतायची, बाजूला रात्रीचा उरलेला भात लसणात परतलेला आणि वर एक तळलेलं अंडं. उरलेल्या भाताची अशी रोज पूजा बांधणारा नाश्ता मला फार आवडतो.

दुपारी खाणावळीत जावं. काचेमागे किंवा टेबलावर झाकणं घातलेली पातेली रांगेने मांडलेली असतात. झाकण उचलून बघायचं, हवं त्याकडे बोट दाखवायचं. भात वाटीच्या हिशेबाने वेगळा. शंभर-दीडशे पेसोत पोटभर जेवण होतं. इलोकोसची सर्वांत मोठी देणगी याच पातेल्यांत असते, ती म्हणजे पिनाकबेट. कारलं, वांगं, भेंडी, टोमॅटो, चवळीच्या शेंगा, कधी भोपळा, हे सगळं थोड्या पाण्यात, बहुतेक न ढवळता, पातेलं हलवत शिजवायचं, म्हणजे भाज्या मोडत नाहीत आणि कारल्याचा कडवटपणाही सगळीकडे पसरत नाही. चव येते ती ‘बागूंग’मुळे, म्हणजे मिठात मुरवलेल्या बारीक माशांच्या रसामुळे. जेवणाला मीठ जणू तेच. शाकाहारी माणसाने इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: पूर्ण भाजीच्या पातेल्यातही हा मासा असतो, आणि बहुतेकदा डुकराच्या मांसाचे तुकडेही. आधी विचारून घ्यावं आणि भाजी वेगळी, मिठात शिजवून मागावी. ताज्या भाज्यांची इथे कमतरता नाही. शेवग्याचा पाला इथे घरोघरी खातात, शेंगाही खातात. हादग्याची फुलंही खातात, तीच पांढरी, चंद्रकोरीसारखी वळलेली फुलं. आपल्याकडे त्यांची भाजी करतात. इथे ती उकडून, टोमॅटो आणि कांदा घालून कोशिंबिरीसारखी देतात. भाजलेल्या वांग्याचा गर कांदा-टोमॅटोत परतून त्यात अंडं मोडायचं, त्या पदार्थाचं नाव पोकी-पोकी. मासे-मांस न खाणाऱ्याने आधी हे मागावं.

बागनेटबद्दल दोन शब्द लिहायलाच हवेत. डुकराच्या पोटाचा जाड तुकडा आधी उकडतात, वारा लागून कोरडा होऊ देतात, मग मंद आचेवर तळतात, गार करतात आणि पुन्हा कडकडीत तेलात तळतात. चामडी फुगून पापडासारखी ठिसूळ होते. असं तळलेलं मांस गरम हवेतही बरेच दिवस टिकतं, फ्रिज नसलेल्या काळात ही मोठी सोय होती. सोबत देतात कापलेले टोमॅटो, बागूंग आणि लहान लाल कांदे. या तिन्हींच्या इलोकानो नावांची आद्याक्षरं केबीएल अशी होतात, आणि देशाचे माजी राष्ट्राध्यक्ष फर्डिनंड मार्कोस यांच्या पक्षाची आद्याक्षरंही नेमकी तीच होती. मार्कोस इथलेच, त्यामुळे इथल्या कुठल्याही टेबलावर ही आठवण कोणी ना कोणी काढतंच. त्यांच्याविषयी पुढे येईलच.

इथली चर्चेस पाहायला पैसे पडत नाहीत, आणि प्रवासात मला सर्वांत जास्त वेळ द्यावासा वाटतो तो त्यांनाच. फिलिपिन्सची चार बरोक चर्चेस 1993 साली जागतिक वारसा यादीत गेली. त्यांतली दोन इलोकोसमध्ये आहेत: पावायचं सान अगुस्तीन आणि सांता मारियाचं नुएस्त्रा सेन्योरा दे ला असुन्सियोन. ऑगस्टिनियन पंथाच्या पाद्र्यांनी ही उभारली. सुरुवातीची चर्चेस लाकडाची आणि झावळ्यांनी शाकारलेली असत, आणि ती आगीत जळून जात. मग दगड-विटा आल्या, तर भूकंप आले. 1645च्या भूकंपाने मनिलाच्या दगडी इमारती जमीनदोस्त केल्या. त्यातून जो धडा मिळाला तो पावायच्या भिंतींत दिसतो.

पावायच्या कामाला 1694 साली पाद्री अंतोनियो एस्ताविल्यो यांनी सुरुवात केली आणि ते 1710 साली पुरं झालं. चर्चसमोर मोठं हिरवं मैदान आहे. तिथून पहिल्यांदा बघताना आपण युरोपातल्या उंच, निमुळत्या चर्चची कल्पना मनात धरून आलेलो असतो, आणि समोर दिसतं ते एखाद्या दगडी डोंगराने गुडघे टेकून बसावं तसं. बाजूंना आणि मागे मिळून 24 प्रचंड धिरे आहेत, म्हणजे भिंतीला बाहेरून रेटून धरणाऱ्या उतरत्या भिंती. प्रत्येकाची जाडी सुमारे 1.67 मीटर. वरच्या बाजूला त्या गुंडाळलेल्या कागदासारख्या वळणदार होतात, आणि काहींना पायऱ्या आहेत. त्यांवरून छतापर्यंत चढून दुरुस्ती करता यायची. जमीन हादरली की भिंत बाहेरच्या दिशेने ढकलली जाते. तो धक्का धिरा अंगावर घेतो आणि जमिनीत उतरवतो. जवळ जाऊन भिंतीला हात लावावा. खालचा भाग प्रवाळाच्या दगडाचा आहे, त्यात लहान छिद्रं दिसतात आणि कधी शंखाचे अवशेषही. वरचा भाग विटांचा. प्रवाळ समुद्रातून काढल्यावर कापायला मऊ असतो आणि हवेत कडक होतो, शिवाय तो तुलनेने हलका. किनाऱ्यावरच्या माणसांनी किनाऱ्यावर जे होतं ते वापरलं.

आणि त्या दगडांना जोडणारा चुना. त्यात उसाचा रस, आंब्याची पानं, चामडं आणि भाताचा पेंढा उकळून घातला, असं इथे सांगतात. हे ऐकून कोणी गोष्ट म्हणून सोडून देईल, पण त्यात तथ्य आहे. साखर चुन्यातल्या कॅल्शियमशी जोडली जाते, त्यामुळे पाण्यात चुना जास्त विरघळतो, मिश्रण सावकाश घट्ट होतं आणि गवंड्याला ते नीट दाबून बसवायला वेळ मिळतो. आपल्याकडे जुन्या वाड्यांच्या आणि किल्ल्यांच्या चुन्यात गूळ, बेलफळ आणि उडीद घालायची पद्धत होती, ती याच अनुभवातून. सातासमुद्रापार एकमेकांना न ओळखणाऱ्या गवंड्यांच्या हाताला एकच गोष्ट कळावी, याचं मला अप्रूप वाटतं.

हे गवंडी आणि मजूर कोण होते, हेही सांगायला हवं. स्पॅनिश राजवटीत 16 ते 60 वयाच्या पुरुषांना वर्षातले 40 दिवस सरकारी आणि चर्चच्या कामांवर राबावं लागे. पावायच्या भिंतींतला प्रत्येक प्रवाळाचा दगड याच माणसांनी वाहिला. चर्चच्या सौंदर्याबद्दल लिहिताना त्यांचं नाव घेतलं जात नाही, पण माझ्या लेखी ही चर्चेस त्यांचीच आहेत.

पावायचं घंटाघर चर्चपासून वेगळं, काही अंतरावर उभं आहे. भूकंपात ते पडलं तरी चर्चवर कोसळू नये म्हणून. इलोकोसमध्ये हा नियम जागोजाग दिसतो. 1896 नंतरच्या स्पेनविरुद्धच्या लढ्यात क्रांतिकारक या घंटाघरावरून टेहळणी करत, आणि दुसऱ्या महायुद्धात जपान्यांविरुद्ध लढणारे गनिमी सैनिकही. लाओआगमध्ये घंटाघर चर्चपासून बरंच लांब आहे, सुमारे 45 मीटर उंच, आणि ते जमिनीत खचत चाललंय. त्याच्या दाराची वरची कमान आता इतकी खाली आहे की मोठ्या माणसाला वाकून आत जावं लागेल. विगानजवळ बांताय गावात टेकडीवरचं घंटाघर हे आधी समुद्राकडे लक्ष ठेवायचा मनोरा होता. त्याच्या मागे पर्वत दिसतात आणि पुढे सपाट शेतं. 27 जुलै 2022 रोजी आब्रा प्रांतात केंद्र असलेला 7.0 तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा या मनोऱ्याचा काही भाग कोसळला, विगानच्या कॅथेड्रललाही तडे गेले. वर चढू देतात का, हे तिथे गेल्यावर विचारून घ्यावं.

सांता मारियाचं चर्च मला पावायपेक्षाही जवळचं वाटतं. फिलिपिन्समध्ये चर्च गावच्या चौकात असतं. हे टेकडीवर आहे. वर जायला 85 दगडी पायऱ्या. विगानहून दक्षिणेकडे जाणाऱ्या बसने सांता मारियाला उतरलं की चालत जाता येतं. मेरीची मूर्ती आधी दुसऱ्या ठिकाणी होती, ती पुन्हा पुन्हा नाहीशी होऊन या टेकडीवरच्या पेरूच्या झाडावर सापडायची, म्हणून चर्च इथे हलवलं, अशी दंतकथा आहे. मूर्तीला गावातले लोक आपल्या आजीला म्हणावं तसं ‘आपो बाकेत’ म्हणतात. वर पोचल्यावर वारा लागतो, खाली गावाची छपरं आणि दूरवर समुद्र. चर्चचं घंटाघर 1810 साली बांधलेलं, ते थोडंसं कललेलं आहे. आजूबाजूची जाड तटासारखी भिंत पाहिली की हे चर्च संकटाच्या वेळी किल्ला म्हणूनही वापरता यावं असं बांधलं होतं, हे लगेच ध्यानात येतं.

आपल्या महाराष्ट्राचा एक माणूस या फिलिपिन्सच्या चर्चशी खोलवर जोडलेला आहे, आणि ही गोष्ट इथे आठवल्याशिवाय राहत नाही. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया मनिलात फ्रान्सिस्कन पंथात दाखल झाले. त्यांना जपानी भाषा चांगली येत होती, म्हणून 1593 साली दुभाषी म्हणून जपानला गेले, आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीत इतर 25 जणांबरोबर त्यांना क्रुसावर मारण्यात आलं. 1862 साली त्यांना संतपद मिळालं. मनिलाच्या इंत्रामुरोस भागातल्या जुन्या चर्चमध्ये फिरताना मराठी माणसाने हे नाव मनात ठेवावं.

विगानला परत येऊ या. तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयात 14 चित्रांची एक मालिका आहे, एस्तेबान व्हिल्यानुएवा यांनी 1821 साली रंगवलेली. विषय आहे बासीचं बंड. 1786 साली स्पॅनिश सरकारने बासीवर मक्तेदारी आणली. लोकांना स्वतःच्या उसाची, स्वतःच्या अंगणात केलेली दारू सरकारी दुकानातून विकत घ्यायची वेळ आली. 16 सप्टेंबर 1807 रोजी पिदिग गावात बंड पेटलं, लोक दक्षिणेकडे कूच करत निघाले आणि 28 सप्टेंबरला सान इल्देफोन्सोजवळ नदीच्या काठी त्यांना कापून काढण्यात आलं. चित्रकार मोठा कलावंत नव्हता. पण त्याच्या ओबडधोबड आकृत्यांतल्या सैनिकांच्या रांगा, फाशीचे खांब आणि आकाशातला धूमकेतू यांतून जी भीती येते ती मोठ्या कलावंतालाही सहज साधणार नाही. 1807 साली खरोखरच मोठा धूमकेतू दिसला होता. मग बाहेर येऊन कुठल्यातरी छोट्या दुकानात बासीचा एक घोट घ्यावा. ही तपकिरी, किंचित गोड आणि शेवटी तुरट लागणारी दारू. ती मुरते ती ‘बुर्नाय’ नावाच्या जाड भाजलेल्या मातीच्या मडक्यात. विगानच्या पागबुर्नायान भागात अजून पायाच्या चाकावर ही मडकी बनतात. माती रेड्यांकडून तुडवून घेतात. चिनी कुंभारांनी आणलेली ही कला. हीच मडकी बागूंगला आणि व्हिनेगरलाही लागतात, म्हणजे कुंभाराचं पोट आणि स्वयंपाकघर एकमेकांना धरून आहेत.

विगान सोडून उत्तरेला निघालं की लाओआग साधारण 80 किलोमीटरवर आहे, आणि वाटेत बाताक. तिथे रस्त्यावर एम्पनाडा खायलाच हवा. तांदळाच्या पिठात शेंद्री घालून केशरी झालेल्या कणकेचा गोळा बाई केळीच्या पानावर ठेवते, लाटून पातळ करते, त्यावर किसलेली कच्ची पपई, थोडे शिजवलेले मूग, लोंगानिसाचा चुरा घालते आणि मधोमध एक अख्खं अंडं फोडते. मग पान उचलून दुमडते, कडा बशीने दाबून कापते आणि हळूच तेलात सोडते. आकार आपल्या करंजीचाच, फक्त हाताएवढा मोठा. बाहेर कुरकुरीत, आत अंडं नुकतंच घट्ट झालेलं. सोबत उसाचं व्हिनेगर, त्यात कांदा आणि मिरची. लोंगानिसाशिवायही मागता येतो. विगानमध्ये बुर्गोस चौकात मिळणारा एम्पनाडा फिकट रंगाचा, पातळ. बाताक की विगान हा वाद इलोकोसमध्ये अजून मिटलेला नाही. मला बाताकचा जास्त आवडतो, त्यातल्या मुगामुळे.

बाताकला धर्माच्या इतिहासातही जागा आहे. ग्रेगोरियो अग्लिपाय यांचा जन्म इथे 1860 साली झाला. ते कॅथलिक पाद्री होते, पण 1902 साली रोमपासून वेगळं झालेल्या फिलिपिन स्वतंत्र चर्चचे ते पहिले प्रमुख बिशप झाले. या चर्चची घोषणा करणारे इसाबेलो दे लोस रेयेस हे विगानचे. इलोकानो माणसाने स्पॅनिश चर्चसाठी भिंती बांधल्या आणि पुढे स्वतःचं चर्चही उभारलं. फर्डिनंड मार्कोस यांचंही बालपण याच भागातलं. त्यांचा जन्म 1917 साली जवळच्या सारातला झाला. 1972 साली मार्शल लॉ जाहीर करून त्यांनी 1986 पर्यंत देश मुठीत ठेवला. इथल्या संग्रहालयांत त्यांचा गौरव भरपूर दिसतो, पण त्या काळात तुरुंगात गेलेल्या, नाहीशा झालेल्या माणसांचा उल्लेख मात्र फारसा नाही. भेट द्यायची तर हे मनात ठेवूनच द्यावी. सारातच्या चर्चमध्ये 1983 साली मार्कोस यांच्या धाकट्या मुलीचं लग्न मोठ्या थाटात झालं. त्यासाठी चर्च दुरुस्त केलं होतं. दोनच महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, मोठा भूकंप झाला आणि चर्चचं बरंच नुकसान झालं.

लाओआगच्या पुढे बुर्गोसला 1892 साली पेटलेलं केप बोहेयादोरचं दीपगृह आहे, बांगीला समुद्रकाठच्या पवनचक्क्या आहेत आणि शेवटी पागुदपूदचा पांढऱ्या वाळूचा किनारा. सुंदर आहे, आणि मी तिकडे दोन रात्री घालवण्यासाठी जाईन, कारण तिथल्या स्वस्त खोल्या समुद्रापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत आणि ताजे मासे घरच्यासारखे करून देतात. बाताकजवळच्या पिनिली गावात जुन्या हातमागांवर ‘इनाबेल’ नावाचं कापड विणतात. इथल्या माग्दालेना गामायो यांना 2012 साली राष्ट्रीय जिवंत ठेवा हा सन्मान मिळाला. सुती, जाड, टिकाऊ पांघरूण विकत घ्यायचं तर इथूनच घ्यावं.

लाओआग-विगानमध्ये भाड्याच्या इतक्या खोल्या का आहेत, यामागेही ऊसच आहे. 1906 साली 15 इलोकानो पुरुष जहाजाने होनोलुलूला पोचले, हवाईच्या ऊसमळ्यांत काम करायला. पुढच्या दशकांत त्यांच्या मागे हजारो गेले. त्यांनी पाठवलेल्या पैशांतून गावाकडे घरं उभी राहिली, आणि मुलं-नातवंडं परदेशात राहिल्यामुळे अनेक घरांतल्या वरच्या खोल्या वर्षातला बराच काळ रिकाम्या असतात. त्याच मग ट्रान्झियंट होतात. भिंतीवर पदवीदान समारंभातले फोटो, कपाटात हवाईची भेटवस्तू, आणि त्या खोलीत आपण. ख्रिसमसला आणि पवित्र आठवड्यात ही माणसं घरी येतात. त्या दिवसांत खोली मिळत नाही आणि मिळाली तर दुप्पट दराने. पण पवित्र गुरुवारी एका दिवसात सात चर्चला भेट देण्याची प्रथा इथे घरोघरी पाळतात, आणि ती पाहायची असेल तर महिनाभर आधी खोली ठरवावी. नाहीतर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा: हवा कोरडी आणि बऱ्यापैकी गार असते, वादळांचा हंगाम बहुतेक संपलेला असतो, आणि 16 डिसेंबरपासून रोज पहाटेच्या मिस्सानंतर चर्चच्या दारात गरम बिबिंगका विकायला बसणाऱ्या बायका भेटतात. तांदळाच्या पिठाचा, नारळाच्या दुधातला तो केक केळीच्या पानावर, वर-खाली निखारे ठेवून भाजतात. तो उभ्यानेच खावा, आणि दुसरा बांधून घ्यावा, कारण पुढची बस दुपारपर्यंत थांबत नाही.